पातेलं गॅसवरून उतरल्यानंतरचे दोन तास: घरच्या स्वयंपाकात अन्न सुरक्षित कसं ठेवावं

उरलेलं अन्न खाण्याजोगं आहे का, हे आपण कसं ठरवतो? झाकण काढून वास घेतो, वाटलंच तर बोटाच्या टोकावर घेऊन चाखतो. वास ठीक, चव ठीक, म्हणजे अन्न ठीक. मीही वर्षानुवर्षं हेच करत आले होते.

एकदा घरी बरीच माणसं जेवायला होती म्हणून मोठं पातेलं भरून चिकनचा रस्सा केला. जेवणं उरकली तेव्हा अर्धं पातेलं शिल्लक होतं. इतकं गरम फ्रिजमध्ये कसं ठेवायचं, निवलं की ठेवू, असं म्हणत झाकण लावलं आणि तशीच झोपले. सकाळी पातेलं उचलताना तळाला हात लागला, तर तो अजून कोमट. वासाला काही नाही, चव तर आदल्या रात्रीपेक्षा मुरलेली. दुपारी गरम करून वाढला. मध्यरात्रीच्या सुमारास घरातल्या चौघांच्या पोटात मुरडा सुरू झाला आणि सकाळपर्यंत जुलाब. त्यात एक सहा वर्षांचं मूल होतं. त्याच्या उशाशी रात्रभर बसले तेव्हा हात धुण्यात कमी पडलो की भांडी घासण्यात, याचाच विचार करत होते. नंतर या विषयाचं वाचायला लागल्यावर कळलं, चूक त्या कोमट तळात होती.

म्हणून या लेखात साबणाइतकीच जागा मी घड्याळाला आणि थर्मामीटरला देणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी माणसं दूषित अन्नाने आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. दगावणाऱ्यांत जवळपास ३० टक्के पाच वर्षांखालची मुलं असतात. याच संघटनेने २००१ साली पाच सूत्रं मांडली: स्वच्छता ठेवा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, पूर्ण शिजवा, योग्य तापमानाला ठेवा, पाणी आणि कच्चा माल सुरक्षित वापरा. पाचही बरोबर आहेत. पण घरात आपण पहिल्यावर सगळा जोर लावतो आणि चौथ्याकडे काणाडोळा करतो, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आधी हे समजून घ्या: नाक का फसतं

अन्न आंबवणारे, त्याला तार आणणारे, वास आणणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतेक वेगळे. दुसऱ्या गटातले कित्येक जण अन्नाचा रंग, वास, चव काहीही बदलत नाहीत. त्यामुळे 'वास येत नाही' याचा अर्थ पहिला गट अजून माजलेला नाही, एवढाच.

५ ते ६० अंश सेल्सिअस हा टप्पा धोक्याचा. या दरम्यान जिवाणू वाढतात, आणि मनासारखी ऊब मिळाली तर साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. हिशेब करून पाहा: एका जिवाणूपासून सात तासांत २० लाखांच्या वर. रात्री अकरा ते सकाळी सहा, एवढाच तो वेळ.

'गरम केलं की सगळं मरतं' हा दुसरा समज. तो निम्माच खरा आहे, आणि उरलेला निम्मा घात करतो. बॅसिलस सेरियस हा जिवाणू तांदळावर बीजाणूच्या रूपात असतो. बीजाणू म्हणजे कवच घालून झोपलेला जिवाणू. भात शिजताना तो मरत नाही. भात कोमट झाला की जागा होतो, वाढतो आणि एक विष सोडतो. उलट्या करवणारं हे विष १२१ अंशांना दीड तास ठेवलं तरी टिकतं. म्हणजे भात पुन्हा कितीही वाफवा, ते जात नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या नाकात आणि त्वचेवर असतो. त्याचं विषही उकळीला दाद देत नाही आणि खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा मोठ्या पातेल्यांचा वैरी. मांसाचा दाट रस्सा पातेल्यात हळूहळू निवत असेल तर ४५ अंशांच्या आसपास तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो, आणि खाल्ल्यापासून ६ ते २४ तासांत मुरडा आणि जुलाब. आमच्या त्या रस्स्याची तपासणी कोणी केली नाही, पण वेळापत्रक अगदी हेच होतं.

पहिली पायरी: हात, आणि हात पुसायचं फडकं

२० सेकंद साबण लावून हात चोळायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. राहून जातात त्या जागा ठरलेल्या: अंगठे, बोटांच्या बेचक्या, नखांच्या आतली बाजू. आधी हात ओले करा, साबण घ्या, तळवे चोळा, मग एका हाताने दुसऱ्या हाताची पाठ, मग बेचक्या, मग प्रत्येक अंगठा मुठीत धरून पिळल्यासारखा फिरवा, शेवटी बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यावर घासा. धुऊन कोरडे करा. ओल्या हातावरून जंतू सहज इकडून तिकडे जातात, म्हणून कोरडे करणं हा धुण्याचाच भाग आहे.

कधी धुवायचे? स्वयंपाकाला लागताना तर धुवायचेच. त्याशिवाय कच्चं मांस, मासे, अंडी हाताळल्यावर, मातीच्या भाज्या निवडल्यावर, केराला हात लागल्यावर, नाक शिंकरल्यावर, बाळाचं डायपर बदलल्यावर, कुत्र्या-मांजराला खायला घातल्यावर. आणि फोन. कृती बघायला चिकनच्याच बोटाने स्क्रीन वर सरकवतो, मग हात स्वच्छ धुतो, आणि तोच फोन पुन्हा हातात घेऊन कोशिंबीर कालवायला लागतो. फोन एका उभ्या स्टँडवर ठेवा आणि कृती आधीच पूर्ण वाचून घ्या.

हात पुसायचं फडकं, ओटा पुसायचं फडकं आणि ताटं पुसायचं फडकं ही तीन वेगळी फडकी असू द्या, तीन वेगळ्या रंगांची. एकच ओलसर फडकं दिवसभर सगळीकडे फिरतं, तेव्हा तेच जंतूंची ने-आण करतं. ती रोज धुवा आणि कडकडीत वाळवा. घासणी दर थोड्या दिवसांनी बदला. वास यायची वाट बघू नका.

बोटाला कापलं असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा आणि वर हातमोजा घाला, कारण जखमेत स्टॅफिलोकॉकस असू शकतो. उलट्या-जुलाब झालेल्या माणसाने ते थांबल्यानंतरही ४८ तास इतरांसाठी स्वयंपाक करू नये. नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाब करवणारा विषाणू बरं वाटल्यानंतरही शरीराबाहेर पडत राहतो आणि सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही. तिथे साबण-पाणीच हवं.

दुसरी पायरी: कच्च्याचा शिजलेल्याला स्पर्श होऊ देऊ नका

दोन फळ्या ठेवा. एक फक्त कच्च्या मांस-माशांसाठी, दुसरी बाकी सगळ्यासाठी. दोन्ही वेगळ्या रंगांच्या असतील तर घाईतही चूक होत नाही. फळीवर सुरीच्या खोल चिरा पडल्या असतील तर ती टाकून द्या, त्या चिरांपर्यंत घासणी पोचत नाही. एकच फळी असेल तर क्रम पाळा: जे कच्चंच खायचं आहे ते आधी चिरून, झाकून बाजूला ठेवा. मांस शेवटी.

मांस कापून झाल्यावर ओटा, फळी आणि सुरी आधी साबणाच्या गरम पाण्याने घासा आणि धुवा. निर्जंतुक करायचं असेल तर ते यानंतर: ४ लिटर पाण्यात १५ मिली सुवास नसलेलं घरगुती ब्लीच घाला, फळीवर पसरा, काही मिनिटं राहू द्या, धुऊन वाळवा. आधी घासलं नाही तर ब्लीचचा उपयोग होत नाही, कारण चिकटलेल्या मांसाखाली ते पोचतच नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कोणतंही क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

आता एक गोष्ट, जी सांगितली की बरेच जण नाराज होतात. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. धुतल्याने त्यावरचे साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे आजारी पाडणारे जिवाणू मरत नाहीत, बारीक शिंतोड्यांबरोबर सिंकच्या कडांवर, शेजारच्या भांड्यांवर, तुमच्या बाह्यांवर उडतात. त्यांना मारायचं काम आचेचं आहे. रक्त किंवा चिकटपणा नकोसा वाटत असेल तर कागदी रुमालाने टिपून घ्या आणि तो लगेच केरात टाका.

मांस ज्यात मुरवलं तो मसाला पुन्हा वरून ओतायचा असेल तर आधी नीट उकळून घ्या. बरं म्हणजे सुरुवातीलाच त्यातला थोडा वेगळा काढून ठेवा. आणि कच्चं मांस ज्या ताटातून तव्यापर्यंत नेलं, त्याच ताटात भाजलेलं काढून घेऊ नका. नीट शिजवणाऱ्यांकडूनही ही चूक होते, कारण ताट तिथेच हाताशी असतं.

तिसरी पायरी: खरेदी आणि फ्रिज

खरेदी करताना थंड जिन्नस सगळ्यात शेवटी घ्या आणि थेट घरी या. फुगलेला किंवा गळणारा डबा घेऊ नका. घरातला डबा फुगलेला दिसला तर उघडूनही पाहू नका, चाखणं तर दूरच.

तारखांबद्दल थोडक्यात: 'या तारखेपर्यंत वापरा' ही सुरक्षिततेची मुदत, तिच्यापुढे जाऊ नका. 'या तारखेपूर्वी उत्तम' ही चवीची, दर्जाची मुदत. तारीख उलटलेलं कोरडं बिस्कीट घातक नसतं.

फ्रिजचं बटण कितीवर आहे यावरून आतलं तापमान कळत नाही. एक साधा थर्मामीटर घ्या, पाण्याने भरलेल्या पेल्यात ठेवा, पेला मधल्या कप्प्यात ठेवून रात्रभर दार बंद राहू द्या. सकाळी आकडा ५ किंवा त्याखाली हवा. जास्त असेल तर बटण फिरवा आणि पुन्हा रात्रभर तपासा. फ्रीझर उणे १८ ला हवा. फ्रिज ठासून भरू नका, थंड हवा फिरायला जागा लागते. दाराचे कप्पे सगळ्यात उबदार असतात. तिथे सॉस, लोणचं, पेयं ठेवा. दूध आणि अंडी आत ठेवा.

कच्चं मांस आणि मासे नेहमी सगळ्यात खालच्या कप्प्यात, कड असलेल्या भांड्यात. पिशवीला बारीकसं छिद्र असतं, त्यातून लालसर पाणी ठिपकतं, आणि ते वरच्या कप्प्यातून खालच्या कापलेल्या फळांवर पडलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. शिजलेलं आणि तसंच खायचं ते वर.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण ४ तास थंडावा धरून ठेवतो, भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास.

चौथी पायरी: धुणं आणि वितळवणं

फळं-भाज्या वाहत्या पाण्याखाली धुवा, साबण लावू नका. सोलून खायची फळंही सोलण्याआधी धुवा. कलिंगडाच्या सालीवरची माती सुरीच्या पात्याबरोबरच आतल्या गरापर्यंत जाते. पालेभाज्यांची पानं सुटी करून धुवा.

मोड आलेली कडधान्यं पौष्टिक म्हणून कच्ची खाल्ली जातात, तिथे मात्र थांबून विचार करा. मोड यायला लागते ती ऊब आणि ओल जिवाणूंनाही हवी असते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायच्या एका घातक जातीची साथ पसरली, हजारो लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. जिवाणू बियाण्यातच असेल तर वरून धुऊन तो जात नाही. लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्क माणसांना मोड शिजवूनच द्या.

गोठलेलं मांस ओट्यावर ठेवून वितळवू नका. आतला गोळा बर्फ असतो तेव्हा बाहेरचा थर कधीच उबदार झालेला असतो, आणि गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. तीन मार्ग चालतात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात: दर सव्वादोन किलोला साधारण एक दिवस धरा. घट्ट बंद पिशवीत घालून थंड पाण्यात: पाणी दर ३० मिनिटांनी बदला, अर्धा किलोला तासाभराचा वेळ पुरतो. किंवा मायक्रोवेव्हमध्ये, पण मग लगेच शिजवायलाच हवं.

पाचवी पायरी: शिजलं की नाही, हे थर्मामीटरला विचारा

मांसाचा रंग बदलला, पाणी स्वच्छ निघालं, काटा सहज गेला, या खुणा शिजल्याच्या आहेत, सुरक्षित झाल्याच्या नाहीत. खिमा आतून तपकिरी दिसूनही पुरेसा तापलेला नसू शकतो. टोकदार दांड्याचा, आकडे दाखवणारा अन्नाचा थर्मामीटर ही स्वयंपाकघरातली माझ्या मते सगळ्यात उपयोगाची लहानशी वस्तू. घेतल्यावर आधी तपासा: पेला बर्फाने गच्च भरा, थोडं पाणी घाला, ढवळा, टोक मध्यभागी धरा. आकडा ० दाखवायला हवा.

मोजताना टोक सर्वांत जाड भागाच्या मध्यापर्यंत जाऊ द्या, हाडाला टेकवू नका, हाड मांसापेक्षा वेगळं तापमान दाखवतं. अख्खी कोंबडी असेल तर मांडीच्या आतल्या बाजूला आणि छातीत, दोन्हीकडे बघा. कोंबडी किंवा कुठल्याही पक्ष्याच्या मांसाला ७४ अंश. खिम्याला ७१, कारण खिमा करताना पृष्ठभागावरचे जिवाणू आतपर्यंत मिसळले जातात. मांसाच्या अखंड तुकड्याला ६३ आणि मग ३ मिनिटं तसाच ठेवणं. माशाला ६३. अंड्याच्या पदार्थांना ७१. नुसतं अंडं असेल तर पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट होईपर्यंत. पाण्यात अंडं बुडतं की तरंगतं यावरून ते किती जुनं आहे ते कळतं, त्यात साल्मोनेला आहे की नाही ते कळत नाही.

थर्मामीटर नसेल तेव्हा रस्सा, सूप यांना मध्यभागीही खदखदून उकळी यायला हवी. कडेला बुडबुडे आले म्हणून आच बंद करू नका. तुकडे लहान आणि सारखे करा, म्हणजे मोठा तुकडा आत कच्चा राहत नाही.

राजम्याचं वेगळं सांगायला हवं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या करवू शकतात. किमान ५ तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात ३० मिनिटं खळखळून उकळा. मंद आचेच्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये थेट टाकू नका. ८० अंशांच्या आसपास हे विष नष्ट होण्याऐवजी वाढल्याचं दिसलं आहे.

सहावी पायरी: निववणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकी सगळं नीट करूनही घात इथे होतो.

घड्याळ कधी सुरू होतं? आच बंद झाली आणि अन्न ६० अंशांच्या खाली यायला लागलं तेव्हापासून. जेवणाच्या टेबलावर गेलेला वेळही यातच मोजायचा. जेवायला बसलो सव्वानऊला, गप्पा संपल्या अकराला, तर पावणेदोन तास तिथेच गेले. एकूण दोन तासांच्या आत उरलेलं अन्न फ्रिजमध्ये जायला हवं, आणि खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. भाताला मी हवा कशीही असो, एकच तास देते.

'गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवलं तर फ्रिज बिघडतो' या भीतीने पातेलं ओट्यावर राहतं. उकळतं पातेलं जसंच्या तसं आत ठेवू नये हे खरं, त्याने शेजारचं अन्न तापतं. पण त्यावर उपाय वाट बघणं हा नाही. खोल पातेल्यातला रस्सा मध्यभागी तासन् तास उबदार राहतो, वरून गार लागला तरी. उपाय म्हणजे खोली कमी करणं.

मी हे असं करते. जेवायला बसण्याआधीच, लागेल तेवढं वाढायच्या भांड्यात काढून घेते आणि उरलेलं लगेच पसरट भांड्यांत ओतते, थर पाच सेंटीमीटरहून जाड नाही. सिंकमध्ये बूच लावून थंड पाणी आणि बर्फ घालते आणि त्यात ही भांडी ठेवते, कडेपर्यंत पाणी येईल पण आत जाणार नाही अशी. दर पाच मिनिटांनी स्वच्छ डावाने ढवळते, कडेचं थंड झालेलं मध्ये आणि मधलं कडेला. पहिल्या दहा मिनिटांत सिंकमधलं पाणी कोमट होतं. ते सोडून नवं घेते. वाफ यायची थांबली आणि भांड्याचा तळ हाताला गार लागला की झाकण किंचित तिरकं ठेवून फ्रिजमध्ये. पूर्ण थंड झाल्यावर झाकण घट्ट. मोठे मांसाचे तुकडे असतील तर कापून पसरते. भात ताटात उपसून पातळ पसरला की फार लवकर निवतो.

अमेरिकेतल्या व्यावसायिक स्वयंपाकघरांचा नियम दोन टप्प्यांचा आहे: ५७ अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. पहिला टप्पा जास्त कडक का, हे वरच्या ४५ अंशांच्या गोष्टीवरून कळेल. घरातही हाच आकडा डोळ्यासमोर ठेवा.

डब्यावर चिकटपट्टी लावून पदार्थ आणि तारीख लिहा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे टाकून द्या. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर पहिल्याच दिवशी गोठवा.

लसूण तेलात घालून ठेवणाऱ्यांसाठी एक इशारा. लसूण मातीतला, त्यावर बॉट्युलिझमच्या, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तेलाखाली हवा नसते. त्यांना हेच हवं असतं. असं तेल थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

सातवी पायरी: पुन्हा गरम करणं

जेवढं खायचं तेवढंच बाहेर काढा, एकदाच गरम करा, ७४ अंशांपर्यंत. पातळ पदार्थाला पूर्ण उकळी येऊ द्या. मायक्रोवेव्ह अन्न सगळीकडे सारखं तापवत नाही, कडेला चटका आणि मध्ये गार गोळा, म्हणून मध्येच थांबवून ढवळा, झाकण ठेवा आणि शेवटी दोन मिनिटं तसंच राहू द्या. रात्रभर बाहेर राहिलेलं अन्न मात्र गरम करून वाचवायचा प्रयत्न करू नका. विष आचेने जात नाही, हे पुन्हा सांगते, कारण टाकून देताना जीव तुटतो आणि माणूस नेमका तेव्हा हे विसरतो.

ज्यांना जास्त जपायचं

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका, चाटणातूनही नाही. त्यातले बॉट्युलिझमचे बीजाणू मोठ्यांना काही करत नाहीत, बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात. गरोदर बाईला लिस्टेरियाची भीती सगळ्यात जास्त. हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, आईला साधा ताप येतो आणि बाळ जाऊ शकतं. म्हणून तिने न तापवलेलं दूध आणि त्याचं चीज टाळावं, तयार मांसाचे काप वाफ येईपर्यंत गरम करूनच खावेत आणि शिळं शक्यतो खाऊ नये. वयस्क, मधुमेही, कर्करोगाचे उपचार घेणारे यांनाही कच्चं अंडं, अर्धकच्चं मांस आणि कच्चे मोड देऊ नका.

कोणी आजारी पडलंच तर

पाणी कमी पडू देऊ नका. ओआरएसचं पाकीट सगळ्यात चांगलं. ते नसेल तर उकळून निववलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, मोजूनच, आणि घोट घोट पाजा. जुलाबात रक्त, ३९ अंशांच्या आसपास किंवा जास्त ताप, काहीच पोटात न ठरणं, लघवी कमी होणं, तीन दिवसांहून जास्त जुलाब, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. दृष्टी दुहेरी किंवा धूसर होणं, गिळायला, बोलायला जड जाणं ही बॉट्युलिझमची लक्षणं आहेत. तेव्हा एक क्षणही घरी थांबू नका.

कुठून सुरुवात करायची

सगळं एकाच दिवशी अंगवळणी पडणार नाही. पहिल्या आठवड्यात फक्त फ्रिजचं तापमान तपासा आणि कच्चं मांस खालच्या कप्प्यात हलवा. दुसऱ्या आठवड्यात फळ्या आणि फडकी वेगळी करा. तिसऱ्यात थर्मामीटर घेऊन नेहमीचेच पदार्थ मोजा.

चौथ्या आठवड्यात एक प्रयोग करा, तोही पाण्यावर, म्हणजे अन्न वाया जायचं नाही. मोठं पातेलं भरून पाणी उकळा, झाकण ठेवून ओट्यावर सोडा, आणि दर अर्ध्या तासाने मध्यभागी थर्मामीटर धरून आकडा वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी तेवढंच पाणी उकळून पसरट भांड्यांत ओता, बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी लिहा. दोन्ही रकान्यांत ६० आणि २१ या आकड्यांभोवती गोल काढा आणि मधला वेळ मोजा. माझ्या वहीतलं ते पान मी फाडून फ्रिजच्या दारावर लावलं आहे.